चुन्याच्या भट्टीतला हिशेब

१०० किलो शुद्ध चुनखडी भट्टीत पूर्ण भाजली की हाती ५६ किलो कळीचा चुना लागतो. उरलेले ४४ किलो कुठे जातात? भट्टीवर आयुष्य काढलेल्या माणसांना एवढं नक्की ठाऊक होतं की दगड हलका होतो. आकार जवळपास तसाच राहतो, पण हातात घेतला की वजन गेल्याचं लगेच कळतं. हे वजन हवेत जातं, आणि ती हवा आपल्या नेहमीच्या हवेपेक्षा वेगळी असते, हे तराजूच्या बळावर दाखवून दिलं स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने, १७५० च्या दशकात. त्याने मॅग्नेशिया आणि चुनखडी तापवून आधीचं आणि नंतरचं वजन केलं. दगडात बांधून राहिलेला तो वायू चुन्याची निवळी दुधाळ करतो आणि आपल्या उच्छ्वासातही तोच असतो, हेही त्याने ओळखलं. आज आपण त्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतो.

मला या ४४ किलोंविषयी लिहायचं आहे. चुन्याच्या गोष्टीत आपण नेहमी उरलेल्या पांढऱ्या दगडाकडे बघतो, कारण तो विकला जातो, भिंतीला लागतो, पानाला लागतो. पण ही अभिक्रिया मुळात घडते कशामुळे याचं उत्तर उडून गेलेल्या भागात आहे.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. आमच्याकडे जमिनीखाली चुनखडी आहे आणि त्याच जिल्ह्यात कोळसाही आहे, त्यामुळे गडचांदूर-आवारपूरच्या बाजूला सिमेंटचे मोठाले कारखाने उभे राहिले. वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरचं कोणी ना कोणी तिथे कामाला असतं. म्हणून बारावीच्या ऊष्मागतिकीच्या धड्यात कॅल्शियम कार्बोनेटच्या, म्हणजे चुनखडीच्याच, विघटनाचं उदाहरण आलं की वर्ग सावरून बसतो. एका वर्षी एका मुलीने विचारलं, "मॅडम, ही रिअ‍ॅक्शन एका मोलला १७८ किलोज्यूल उष्णता खाते. दगड तर आपल्या जागी सुखात आहे. मग तो एवढी उष्णता खाऊन फुटायला तयार होतोच कशाला?"

(मोल म्हणजे कणांची एक ठरावीक, प्रचंड मोठी संख्या; पदार्थ मोजायचं रसायनशास्त्राचं माप.) मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. एकोणिसाव्या शतकातले मोठमोठे रसायनशास्त्रज्ञ याच प्रश्नापाशी अडले होते. डेन्मार्कच्या ज्युलियस थॉमसन यांनी १८५४ मध्ये आणि पुढे फ्रान्सच्या मार्सेलाँ बर्तलो यांनी असं मांडलं, की पदार्थांमधली ओढ किती आहे ते त्यांच्या अभिक्रियेत निघणाऱ्या उष्णतेवरून कळतं. जिच्यातून सगळ्यात जास्त उष्णता बाहेर पडेल ती अभिक्रिया आपण होऊन घडेल. दोघांनी शेकडो अभिक्रियांच्या उष्णता मोजल्या. कल्पनाही मनाला पटणारी होती. कोळसा जळतो, लोखंड गंजतं, कळीच्या चुन्यावर पाणी टाकलं की तो फसफसून तापतो. सगळीकडे उष्णता बाहेर पडते आणि पदार्थ उतारावरून घरंगळत गेल्यासारखा खाली येऊन बसतो.

पण पिकावर फवारायला युरिया पाण्यात कालवला की बादली गार पडते. आमच्या वर्गातल्या शेतकऱ्यांच्या मुलांना हे सांगावं लागत नाही, त्यांनी हात घालून पाहिलेलं असतं. बादलीखाली कुणी जाळ केलेला नसतो. युरिया पाण्याकडूनच उष्णता घेतो, पाणी थंड होत जातं आणि तरीही युरिया विरघळतच राहतो. नवसागराचं तेच, सोऱ्याचं तेच. अकबराच्या आबदारखान्यात सोऱ्याच्या पाण्यात बंद सुरई फिरवून पिण्याचं पाणी गार करत. अबुल फझलने 'आईन-ए-अकबरी'त त्याची नोंद केली आहे, आणि जो सोरा बंदुकीच्या दारूत आग ओकतो तोच इथे गारवा देतो, हे नवलही तिथेच नोंदवलं आहे. मला त्या नोंदीतली निरीक्षणाची नजर फार आवडते. एकच मीठ, एका ठिकाणी स्फोट आणि दुसऱ्या ठिकाणी गारवा. निव्वळ उष्णतेच्या नियमाने यातली पहिली घटना समजते, दुसरीला उत्तर मिळत नाही.

विरघळणं ही काही खरी रासायनिक क्रिया नव्हे, असं म्हणून हा प्रश्न बाजूला सारता येतो. पण मग बेरियम हायड्रॉक्साइडचे स्फटिक आणि अमोनियम क्लोराइड ही दोन कोरडी घनद्रव्यं चंचुपात्रात एकत्र ढवळून पाहावीत. अमोनियाचा उग्र वास सुटतो, स्फटिकांतलं पाणी मोकळं होऊन लगदा तयार होतो आणि पात्र इतकं थंड पडतं की खाली ओली फळी ठेवली तर पाणी गोठून फळी पात्राला चिकटते. ही अस्सल रासायनिक अभिक्रिया आहे, उष्णता खाते आणि तरी कुणाच्या आग्रहाविना घडते.

बर्तलोंचे प्रयोग जोरात चालू होते त्याच काळात, १८६५ मध्ये, झ्युरिचला रुडॉल्फ क्लॉझियस यांनी एन्ट्रॉपी ही राशी मांडली आणि विश्वाची ऊर्जा कायम राहते, एन्ट्रॉपी मात्र कमालीकडे जात राहते, असं सांगितलं. ती राशी वाफेच्या इंजिनांच्या विचारातून आली होती. रसायनशास्त्राच्या दारात ती आणून ठेवली हायडेलबर्गच्या ऑगस्ट हॉर्स्टमान यांनी, १८७३ मध्ये. अभिक्रिया कुठपर्यंत जाईल हे एन्ट्रॉपी ठरवते असं त्यांनी लिहिलं. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांचं नाव क्वचितच येतं, याची मला खंत वाटते.

एन्ट्रॉपी म्हणजे काय, हे सांगताना पसरलेल्या खोलीचं उदाहरण देण्याची रीत आहे. मी ते देत नाही. खोलीतले कपडे कुणीतरी उचलून फेकल्याशिवाय हलत नाहीत, आणि रेणू तर क्षणभरही थांबत नाहीत. त्या उदाहरणाने मुलांच्या डोक्यात 'अव्यवस्था' नावाची एक धूसर गोष्ट बसते आणि मोजायचं काय ते राहूनच जातं. मोजायच्या असतात शक्यता: तेवढीच ऊर्जा आणि तेवढेच कण किती तऱ्हांनी मांडता येतील. व्हिएन्नाच्या दफनभूमीत लुडविग बोल्ट्झमन यांच्या समाधीवर हेच समीकरण कोरलेलं आहे. एन्ट्रॉपी म्हणजे एक स्थिरांक गुणिले त्या शक्यतांच्या संख्येचा लॉगरिदम.

आता चुनखडीकडे या नजरेने बघा. एक मोल कॅल्साइट (चुनखडीतलं मूळ खनिज) म्हणजे १०० ग्रॅम दगड, घनफळ सुमारे ३७ मिलिलिटर, छोट्या वाटीभरही नाही. त्यात कार्बोनेटचा प्रत्येक गट आपल्या नेमून दिलेल्या जागी आहे. तो थरथरतो, पण जागा सोडत नाही. भट्टीत त्यातूनच एक मोल कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि ८४० अंश सेल्सिअसला, वातावरणाच्या दाबाखाली, सुमारे ९० लिटर जागा व्यापतो. त्याचा प्रत्येक रेणू त्या जागेत कुठेही असू शकतो, कोणत्याही दिशेला धावू शकतो, गिरक्या घेऊ शकतो. शक्यतांची संख्या कल्पनेपलीकडे वाढते. कोष्टकातले आकडे हेच सांगतात. २९८ केल्व्हिनला (२५ अंश सेल्सिअसला) एक मोल कॅल्साइटची एन्ट्रॉपी ९३ ज्यूल प्रति केल्व्हिन, कळीच्या चुन्याची ४०, आणि एकट्या कार्बन डायऑक्साइडची २१४. म्हणजे विघटनात १६० ने वाढ. त्या वाढीत चुन्याचा वाटा जवळजवळ काहीच नाही, ती सगळी उडून गेलेल्या वायूची आहे.

मुलीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळतं. दगड फुटायला तयार होतो तो वायूला मोकळीक मिळते म्हणून. पण मग पुढचा प्रश्न लगेच उभा राहतो. ही मोकळीक २५ अंशांनाही मिळणारच की. मग चुनखडीचे डोंगर आपोआप का विरून जात नाहीत? आग कशाला हवी?

इथे माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट येते. वर्गात मी त्यावर अख्खा तास घालवते, अभ्यासक्रम मागे पडला तरी चालेल. एन्ट्रॉपीचं खातं फक्त दगडाचं नसतं, भोवतालचंही असतं. दगड जे १७८ किलोज्यूल खातो ते कुणाकडून तरी जातात, आणि ज्याच्याकडून जातात त्याची एन्ट्रॉपी कमी होते. किती कमी होते? उष्णता भागिले तापमान. भोवताल २९८ केल्व्हिनला, म्हणजे २५ अंशांना असेल तर १,७८,००० भागिले २९८, जवळपास ६०० ज्यूल प्रति केल्व्हिनचा तोटा. दगडाचा फायदा १६०. व्यवहार साफ तोट्याचा, म्हणून डोंगर जागच्या जागी आहेत. आता भोवताल १२०० केल्व्हिनला न्या. उष्णता तेवढीच घेतली, १७८ किलोज्यूल, पण आता भागाकार येतो १४८. तोटा १४८, फायदा १६०. दगड फुटतो.

म्हणजे आग दगडाला नुसती उष्णता पुरवते एवढंच तिचं काम नाही. तेवढ्याच उष्णतेसाठी भोवतालाला मोजावी लागणारी एन्ट्रॉपी ती कमी करते. जिथे आधीच रेणूंची प्रचंड धावपळ चालू आहे, तिथून थोडी ऊर्जा काढून घेतली तर शक्यता फारशा घटत नाहीत. जिथे सगळं थंड आहे, तिथून तेवढीच ऊर्जा काढली तर घट मोठी होते. हे एकदा समजलं की 'तापमान वाढवलं की उष्माग्राही अभिक्रिया घडते' हे पाठ करण्याचं वाक्य राहत नाही, ते मुलांचं मुलं काढू शकतात.

फायदा आणि तोटा बरोबरीत कधी येतात, तेही काढता येतं. १,७८,००० भागिले १६० म्हणजे सुमारे ११०० केल्व्हिन, ८४० अंश सेल्सिअसच्या आसपास. तापमान वाढेल तसे हे दोन्ही आकडे स्वतःही थोडे सरकतात. तेही धरलं तर उत्तर ९०० अंशांच्या जवळ जातं. कागदावर कोष्टकातले दोन आकडे घेऊन केलेला भागाकार, आणि तो जाऊन पोहोचतो भट्टीच्या लालबुंद पोटापाशी. हा भागाकार मी कितीदा केला असेल, पण उत्तर आलं की अजूनही अंगावर शहारा येतो.

हीच दोन खाती एका ओळीत आणली अमेरिकेत येल विद्यापीठातल्या जोसाया विलार्ड गिब्ज यांनी. भोवतालाचा हिशेब वेगळा मांडायची गरज त्यांनी संपवली: अभिक्रियेच्या एन्थॅल्पीतल्या बदलातून, म्हणजे ती जी उष्णता खाते तिच्यातून, तापमान गुणिले एन्ट्रॉपीतला बदल वजा करा, उत्तर उणे आलं तर अभिक्रिया शक्य, अधिक आलं तर उलट दिशेने शक्य, शून्य आलं तर समतोल. या राशीला आज आपण गिब्ज ऊर्जा म्हणतो. त्यांचा मुख्य प्रबंध १८७० च्या दशकात कनेक्टिकटच्या विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात तुकड्या-तुकड्याने छापून आला आणि युरोपात तो फार थोड्यांनी वाचला. त्या थोड्यांमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल होते. पदार्थाची ऊर्जा, एन्ट्रॉपी आणि घनफळ यांचं नातं दाखवणारा जो पृष्ठभाग गिब्ज यांनी वर्णन केला होता, त्याचं त्यांनी स्वतःच्या हाताने प्लॅस्टरमध्ये प्रतिरूप घडवलं आणि त्याची एक प्रत गिब्जना पाठवून दिली. एका विद्वानाने दुसऱ्याला दिलेली अशी दाद मला दुसरीकडे कुठे आढळलेली नाही.

गिब्ज यांच्या समीकरणात एक भाग असा आहे जो बारावीत घाईघाईत उरकला जातो, आणि भट्टीवाल्यांना मात्र तोच सगळ्यात आधी कळलेला होता. अभिक्रिया शक्य आहे की नाही, हे आजूबाजूला तोच वायू आधीपासून किती साठला आहे, यावरही अवलंबून असतं. पॅरिसच्या आंरी दब्रे यांनी १८६७ मध्ये आइसलँड स्पार हा शुद्ध कॅल्साइट बंद नळीत तापवला. तापमान स्थिर राहावं म्हणून त्यांनी उकळत्या कॅडमियमची आणि उकळत्या जस्ताची वाफ वापरली. त्यांना दिसलं की ठरावीक तापमानाला कार्बन डायऑक्साइडचा दाब ठरावीक पातळीपर्यंत चढतो आणि तिथेच थांबतो, नळीत दगड कितीही शिल्लक असो. वायू बाहेर जाऊ दिला की दगड पुन्हा फुटू लागतो. वायू बाहेरून आत कोंबला तर चुना तो पिऊन परत दगड होतो.

भट्टीच्या भाषेत सांगायचं तर वारा खेळता हवा. कोकणात शिंपल्यांचा आणि देशावर चुनखडीचा चुना भाजताना थरावर थर रचतात, एक थर कोळशाचा किंवा लाकडाचा, एक थर दगडाचा, आणि खालून वाऱ्याला वाट ठेवतात. त्या वाऱ्याने आग फुलते हे खरंच, पण तो आणखी एक काम करतो. दगडाच्या अंगाशी साचलेला कार्बन डायऑक्साइड तो वाहून नेतो, आणि त्या वायूचा दाब उतरला की दगडाला फुटायला कमी तापमान पुरतं. हिशेबच करायचा झाला, तर आजच्या हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम दहा लाखांत ४२० भाग आहे. दगडाभोवती सतत एवढीच पातळी राखता आली, तर ५२० अंशांच्या आसपासच पारडं फिरतं. खऱ्या भट्टीत कोळसा स्वतःच तो वायू ओतत असतो, शिवाय ५२० अंशांना काम इतक्या सावकाश चालेल की उपयोग नाही. पण वाट बुजली, वारा कोंडला, की दगड मधोमध कच्चा राहतो, हे भट्टीवाला समीकरणाविना जाणतो.

उलटा प्रवास मला याहूनही जवळचा वाटतो, कारण तो आपल्या घरांच्या भिंतींमध्ये झाला आहे. कळीचा चुना पाण्यात विझवला की ६५ किलोज्यूल प्रति मोल बाहेर पडतात. एका किलो चुन्यातून निघालेली उष्णता तीस अंशांवरचं साडेतीन लिटर पाणी उकळीला आणायला पुरेल. इथे पाणी घनपदार्थात बांधलं जातं, म्हणून पदार्थांची स्वतःची एन्ट्रॉपी २६ ने घटते. पण बाहेर गेलेली उष्णता थंड भोवतालात पडते, आणि थंड भोवतालात पडलेली उष्णता मोठी कमाई करून देते: ६५,००० भागिले २९८, म्हणजे २१८. बर्तलोंचा नियम इतक्या ठिकाणी बरोबर का ठरायचा, तेही यातून उलगडतं. आपल्या खोलीच्या तापमानाला उष्णतेचं पारडं बहुतेक वेळा एन्ट्रॉपीला भारी पडतं. ते आपल्या रोजच्या जगापुरतं खरं सांगत होते.

मग तो विझलेला चुना घाण्यात वाळूबरोबर मळला जातो. त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरडा असं काय काय घालायची रीत होती. आणि तो दगडांमधल्या सांध्यांत भरला जातो. तिथून पुढे तो हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेत राहतो आणि हळूहळू पुन्हा चुनखडी होतो. या तिसऱ्या टप्प्यात ११३ किलोज्यूल बाहेर पडतात. ६५ आणि ११३ मिळवून बघा: १७८. भट्टीत खाल्लेली सगळी उष्णता, पाण्याच्या आणि हवेच्या हातून दोन हप्त्यांत परत. एन्ट्रॉपीचंही तसंच. भट्टीत १६० वाढली, विझवताना २६ घटली, भिंतीत १३४ घटली. वर्तुळ पूर्ण होतं.

माझ्या आजोळचा वाडा उतरवला तेव्हा जोत्याच्या जाड भिंतीतला चुन्याचा एक ढेकूळ मी मागून घेतला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तो फोडून ताज्या फुटीवर फिनॉल्फ्थॅलिन शिंपडलं. कडेचा भाग पांढराच राहिला, आतला गाभा गुलाबी झाला. गुलाबी म्हणजे अजून विझलेला चुनाच, दगड न झालेला. तो वाडा पणजोबांच्याही आधीचा. एवढ्या पिढ्यांमध्ये हवा तिथवर पोहोचली नव्हती, आणि काम अपुरं होतं. त्या तुकड्यापाशी मी मुलांना खूप वेळ उभं केलं. गिब्ज ऊर्जेचं गणित सांगतं की २९८ केल्व्हिनला हा बदल घडायला हवा, एका मोलमागे सुमारे ७३ किलोज्यूलचा उतार आहे. पण ते गणित वेळेविषयी काही बोलत नाही. चुन्याला वायू पिण्यासाठी ओल लागते. कोरडा ठणठणीत चुना आणि कोरडा वायू समोरासमोर ठेवले तर जवळजवळ काहीच घडत नाही. चुन्याच्या गिलाव्यावर गवंडी दिवसेंदिवस पाणी मारतात, त्यामागे हे कारणही आहे. वायूला आत जायला वाट लागते, आणि बाहेरचा थर दगड झाला की तीच वाट बारीक होते. हिऱ्याचंही असंच आहे. खोलीच्या तापमानाला हिऱ्याचं ग्रॅफाइट होणं शक्य कोटीतलं आहे, उतार फक्त तीन किलोज्यूलचा, आणि अंगठीतला हिरा पिढ्यान्‌पिढ्या हिराच राहतो.

आता त्या ४४ किलोंकडे परत येते, कारण आमच्या जिल्ह्यात हा निव्वळ अभ्यासाचा विषय नाही. सिमेंटच्या भट्टीत चुनखडी आणि माती १४५० अंशांपर्यंत भाजून क्लिंकर, म्हणजे दळून सिमेंट करायचे खडे, बनवतात. त्याची पहिली पायरी हेच विघटन. एक टन क्लिंकरमागे निव्वळ दगडातून अर्ध्या टनाहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड सुटतो, इंधनाचा धूर त्याच्या वर. माणसाच्या हातून जगभर निघणाऱ्या एकूण कार्बन डायऑक्साइडमध्ये सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के धरला जातो, आणि त्यातला निम्म्याहून जास्त इंधनाचा नसून दगडाचा असतो.

ही गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही असा माझा अनुभव आहे. कोळसा सोडून भट्टी विजेवर चालवू, सूर्यावर चालवू, हायड्रोजनवर चालवू, मग प्रश्न मिटेल, असं बोललं जातं. कोळशाचा वाटा मिटेल. दगडाचे ४४ किलो तसेच राहतील, आणि ते राहणारच आहेत, कारण अभिक्रिया त्यांच्याच जोरावर चालते. वायू सुटला नाही तर एन्ट्रॉपी वाढणार नाही, एन्ट्रॉपी वाढली नाही तर कोणत्याही तापमानाला दगड फुटणार नाही. चुनखडीतून चुना काढायचा असेल तर घासाघीस करायला जागा नाही. करता येण्यासारख्या गोष्टी दोनच आहेत. क्लिंकर कमी वापरावं, राख आणि भाजलेली माती मिसळून. किंवा सुटलेला वायू पकडावा.

पकडायचा कुठे, यालाही एन्ट्रॉपीचंच उत्तर आहे, आणि ते मुलांना स्वतः काढता येतं. वायू हवेत मिसळला की पुन्हा वेगळा करायला किमान काही काम करावंच लागतं. एका मोलमागे ते काम म्हणजे आर (वायू-स्थिरांक) गुणिले तापमान गुणिले त्याच्या प्रमाणाच्या लॉगरिदमची चिन्ह बदललेली किंमत. आजच्या हवेतून, दहा लाखांत ४२० भाग या प्रमाणातून एक मोल परत मिळवायला किमान १९ किलोज्यूल. भट्टीच्या धुराड्यापाशी, जिथे तो वायू साधारण चौथा हिस्सा असतो, तिथे साडेतीनपेक्षाही कमी. प्रत्यक्ष यंत्रांना याच्या कितीतरी पट ऊर्जा लागते, पण हे किमान आकडे कोणत्याही यंत्राला चुकवता येत नाहीत. म्हणजे जे काय पकडायचं ते हवेत विरण्याआधी, धुराड्याच्या तोंडाशीच. नॉर्वेत ब्रेव्हिकच्या सिमेंट कारखान्यात २०२५ पासून हेच होतं आहे. वर्षाला ४ लाख टन कार्बन डायऑक्साइड धुरातून रसायनांच्या मदतीने वेगळा करायची त्या व्यवस्थेची क्षमता आहे, आणि तो पुढे समुद्राच्या तळाखाली साठवण्यासाठी पाठवतात.

बेल्जियममधल्या लिक्स इथे याहून वेगळा विचार करून २०१९ मध्ये एक प्रायोगिक भट्टी उभी राहिली. चुनखडीची पूड उंच पोलादी नळीतून खाली सोडायची, जाळ नळीच्या बाहेरून द्यायचा. जाळाचा धूर आणि दगडाचा वायू कधी भेटतच नाहीत. नळीतून जो बाहेर येतो तो जवळपास निव्वळ कार्बन डायऑक्साइड. मी हे फळ्यावर काढलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, मग प्रमाण एक झालं. एकाचा लॉग शून्य. वेगळं करायचं काम शून्य." अगदी बरोबर. उरतं ते फक्त दाबून साठवण्याचं काम.

पण त्याच्याच शेजारी बसणाऱ्याने दब्रे यांची बंद नळी लक्षात ठेवली होती. आत निव्वळ तोच वायू असेल तर दगडाला पूर्ण एका वातावरणाच्या दाबाविरुद्ध फुटावं लागेल, वाऱ्याची मदत गेली, असं त्याचं म्हणणं. आम्ही पुन्हा आकडे मांडले. खेळत्या हवेत कागदावर ५२० अंश पुरत होते, इथे ९०० च्या खाली उतरता येत नाही. मिसळू न देण्याची किंमत तापमानात द्यावी लागते. भट्ट्या वेग साधण्यासाठी एरवीही तेवढ्या तापवतातच, त्यामुळे ही किंमत जड वाटत नाही. मात्र आता सगळी उष्णता पोलादाच्या भिंतीतून आत जायची आहे, म्हणजे ती भिंत ९०० अंशांहून बरीच जास्त गरम राहणार, आणि वर्षानुवर्षं तशीच टिकायला हवी. तास संपल्याची घंटा झाली तरी ती दोघं एवढं तापमान सोसणाऱ्या मिश्रधातूंविषयी विचारत राहिली, आणि पुढच्या तासाला निकेलची पोलादं घेऊन यायचं मी कबूल केलं.